दुसरी फेरी

११ जून
आजपासून मी एमआरआय विभागाची इन्चार्ज. घरी येऊन आईला सांगितलं तर म्हणाली, "मग आता लवकर घरी येशील?" म्हटलं, उलट उशीर होईल. "मग कशाला घेतलंस?" झालं, संपलं कौतुक.

हाताखाली चार जण. त्यातले दोघं कालपर्यंत माझ्याबरोबर डबा खायचे. आज दोघंही कोपऱ्यातल्या टेबलावर जाऊन बसले आणि मी गेले तसं त्यांचं हसणं बंद झालं. म्हणून ही वही. कुणाशी तरी बोलायला हवंच.

१४ जून
साहेबांनी बोलावलं. साहेब म्हणजे रुग्णालयाचे अधीक्षक. "पायांची यादी नऊ आठवड्यांवर गेलीय. काहीतरी करा," म्हणाले. काहीतरी म्हणजे काय ते सांगायला त्यांना वेळ नव्हता.

पायांची यादी म्हणजे चार पावलं चाललं की पोटऱ्या भरून येणारे, अंगठा काळा पडायला लागलेले पेशंट. त्यांच्या धमन्या कुठे अरुंद झाल्यात, कुठे बंद पडल्यात, ते आम्ही दाखवायचं. हाताच्या शिरेतून कॉन्ट्रास्ट, म्हणजे धमन्या उजळवणारं औषध, सोडायचं, ते पोटातल्या मोठ्या धमनीत आलेलं पडद्यावर दिसलं की बटण दाबायचं, आणि टेबल सरकवत तीन ठिकाणी चित्रं घ्यायची: पोट, मांड्या, पोटऱ्या. ते पुढे पळतं, आपण मागे. आपण घाई केली तर धमन्या रिकाम्या दिसतात, उशीर केला तर शिराही भरतात आणि सगळा गुंता होतो. या काही सेकंदांत सगळी कारागिरी. माझा हात त्यात बसलेला आहे, हे माझ्यावर जळणारेसुद्धा कबूल करतात.

हात बसवला सरांनी. विभागाचे जुने इन्चार्ज, सहा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. पोटऱ्यांची दुसरी फेरी ही त्यांचीच शिस्त. पहिली फेरी संपली की लगेच पोटऱ्यांवरून पुन्हा एकदा जायचं, कारण एखाद्या पायात रक्त आडवाटेने, रेंगाळत पोचतं. "ज्याचा पाय संथ, त्याच्यासाठी थांबायचं," असं ते रोज एकदा तरी म्हणायचे. आम्ही त्यांच्या मागे त्यांची नक्कल करायचो. माझी सगळ्यात चांगली व्हायची.

१९ जून
सुचलं. दुसरी फेरी बंद करायची. ती पंचवीस सेकंदांचीच असते, पण नंतर त्या चित्रांतून कॉन्ट्रास्टआधीची चित्रं वजा करा, जुळवा, पाठवा, यात पंधरा मिनिटं जातात. आणि बहुतेक वेळा दुसऱ्या फेरीत शिरांचा गुंताच येतो. नुसतं वाटून उपयोग नाही म्हणून गेल्या साठ पेशंटच्या फायली काढल्या. सलग तीन दिवस जेवणाची सुट्टी त्यात घातली. अठ्ठावन्न जणांत दुसऱ्या फेरीने नवीन काही सांगितलं नव्हतं.

साठात दोन. साहेबांना असा आकडा आवडतो.

२१ जून
साहेब खूश. मॅडम मात्र (रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्ट) चष्मा काढून बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण पाय संथ वाटला तर मारायची. ते तू ठरव." म्हणजे शेवटी भरवसा माझ्याच नजरेवर. दिवसभर मी जरा नाक वर करूनच वावरले.

१२ जुलै
आठवड्याला आठ पेशंटच्या जागी अकरा होतायत. यादी पाच आठवड्यांवर आली. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं उदाहरण दिलं. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एकाने विचारलं, "त्या दोघांचं काय झालं? साठातल्या?" म्हटलं, कोणते दोघं? मला खरंच आधी कळलं नाही. मग कळलं तेव्हा म्हटलं, त्यांची फेरी मारलेली होती, त्यांचं चांगलंच झालं असेल. तो म्हणाला, "हो, तेच म्हणतोय." जळका मेला.

२ ऑगस्ट
काकूंचा फोन आला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी. सरांच्या डाव्या पायाचा अंगठा काळा पडलाय आणि हा माणूस दीड महिना मोज्यात लपवून बसला होता! काकूंना धड दिसत नाही, त्यामुळे लपवायला तसं सोपंच.

संध्याकाळी घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. सर खुर्चीत पाय लोंबकळत ठेवून बसले होते. वर उचलला की ठणकतो. मी भांडायचं ठरवून गेले होते, पण पाय बघितल्यावर नुसती समोर जमिनीवर बसले. तेच म्हणाले, "अगं, असे हजार बघितलेस तू. नवीन काय त्यात?" आता कानात यंत्र बसवलंय, तरी निम्मं ऐकू येत नाही. रोज सकाळी काकूंचा हात धरून जिना उतरवतात, बागेपर्यंत नेतात. "तिला माझे डोळे, मला तिचे कान. दोघांत मिळून एक माणूस धड आहे," म्हणाले आणि स्वतःच हसले. काकू हसल्या नाहीत.

सर्जन म्हणतात, पोटरीत एखादी तरी चालू धमनी सापडली तर मांडीतून तिथपर्यंत बायपास करता येईल. नाही सापडली तर पाय काढावा लागेल. किडन्या जेमतेम आहेत, म्हणून कॅथेटर घालून करायची तपासणी नको. आमचीच करायची, तीही एकदाच. मी सरांना यादीत वर घेतलं. पहिल्यांदाच कुणाला असं वर घेतलं आणि त्याचं मला काही वाटलं नाही.

६ ऑगस्ट
सरांचा स्कॅन झाला. मीच केला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

कानातलं यंत्र मी काढून ट्रेमध्ये ठेवलं, चुंबकाजवळ ते चालत नाही. पायांवर कॉइल (चित्र टिपणारी चौकट) बांधताना सर पट्ट्या ओढून बघत होते, माझी परीक्षा घेतल्यासारखे. "घट्ट आहे," म्हणाले. म्हटलं, तुमच्याकडूनच शिकले, ओरडू नका. ऐकू येत नसलं की ते ओरडून बोलतात. आतून बोलले तेव्हा बाहेरचे पेशंटसुद्धा दचकले.

वेळ अगदी बरोबर साधली. पोटाची चित्रं आरशासारखी आली. मांड्यांमध्ये डावी बाजू जरा फिकी आणि तुटक वाटली. पण पाय आजारी आहे, फिकी दिसणारच. पोटऱ्या झाल्या. तेवढ्यात बाहेरून दार वाजलं, भूल दिलेला पेशंट घेऊन भूलतज्ज्ञ उभे. त्यांना थांबवलं तर ते साहेबांपर्यंत जातात. मी टेबल बाहेर घेतलं.

यंत्र कानात घालता घालता सरांनी विचारलं, "पोटऱ्यांवरून दोनदा गेलीस ना?" म्हटलं, "गेले की, सर." आता साठ फायली आणि अकरा पेशंट त्यांना कुठे समजावत बसू, दारात भूलतज्ज्ञ उभे असताना? व्याख्यान ऐकावं लागलं असतं. त्यांनी यंत्र पुन्हा काढून पुसलं आणि घातलं. मग म्हणाले, "म्हातारा झालो गं." मी म्हटलं, ते आज कळलं का? दोघंही हसलो.

७ ऑगस्ट
रिपोर्ट आला. डाव्या पोटरीत गुडघ्याखाली एकही धमनी दिसत नाही.

मला रडू आलं. बाथरूममध्ये जाऊन रडले आणि तोंड धुऊन पुढचा पेशंट घेतला. एवढा सज्जन माणूस. आईला सांगितलं तर म्हणाली, "सज्जनपणाचा आणि पायाचा काय संबंध?" आईशी बोलणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं.

९ ऑगस्ट
वॉर्डात गेले तेव्हा सर्जन पलंगाशीच होते, संमतीचा कागद घेऊन. काकू सरांची चादर चाचपत, पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या. काकूंनी विचारलं, "आणखी एखादी तपासणी? दुसरीकडे दाखवलं तर?" सर्जन म्हणाले, हरकत नाही, पण पाय फार दिवस देणार नाही, विष चढेल.

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हिने केलंय. दोन्ही फेऱ्या मारल्यात. दुसऱ्या फेरीतही नाही म्हणजे खाली काही नाहीच. उगाच कशाला लांबवायचं?" आणि सही केली. अक्षर अजून तसंच, नोंदवहीतलं.

बोलावं का, असं वाटलं. पण बोलून काय? फेरी मारली असती तरी तेच दिसलं असतं. साठात दोन. आणि सर्जनसमोर, काकूंसमोर सरांना सांगायचं की मी तुम्हाला थाप मारली? बिचाऱ्यांच्या डोक्याला आणखी एक ताप. मी काकूंचा हात धरला. सर काकूंना म्हणाले, "बघ, हिचा हात धर आता. मला काही दिवस सुट्टी."

१२ ऑगस्ट
पाय काढला. गुडघ्याखाली कापला, गुडघा वाचला. सर्जन जिन्यात भेटले, चांगल्या मूडमध्ये होते. म्हणाले, "मला वाटलं होतं गुडघ्याच्या वर जावं लागणार. पण पोटरीत रक्त चांगलं निघालं, रक्तवाहिन्या बांधताना दमलो. जखम भरेल." देव पावला म्हणायचं. धावत जाऊन काकूंना सांगितलं की रक्त चांगलं निघालं. काकू म्हणाल्या, "चांगलं म्हणजे?" म्हटलं, चांगलंच की.

२३ ऑगस्ट
टाके काढले. जखम इतकी सुरेख भरलीय की सर्जनने शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवली. मीही खूश. सर मात्र गप्प गप्प असतात. पाय गेल्यावर माणूस गाणी म्हणणार आहे का!

यादी तीन आठवड्यांवर.

२ सप्टेंबर
आज दुपारी कोपऱ्यातल्या टेबलावरच्याने एका बाईंचा पायांचा स्कॅन केला. मी मागून गेले तर त्याने दुसरी फेरी लावलेली. मी आवाज चढवला. तो म्हणाला, "जुनी सवय, चुकून लागली. आता झालीच आहे, बघू तरी." चित्रं आली. पहिल्या फेरीत उजवी पोटरी काळीकुट्ट. दुसऱ्या फेरीत तिथे दोन धमन्या, पार घोट्यापर्यंत. त्याने खुर्ची मागे घेऊन मला जागा करून दिली.

आणि उभ्या उभ्या मला सर्जनचं जिन्यातलं बोलणं आठवलं. पोटरीत रक्त चांगलं निघालं. ज्या पोटरीत एकही धमनी नव्हती, तिथे ते आलं कुठून? जखम इतकी सुरेख भरली ती कशाच्या जोरावर?

सरांची चित्रं उघडली. डाव्या मांडीतलं ते फिकं, तुटक. ते संथ रक्त होतं. मागून येत होतं. मी बघितलं होतं, आणि टेबल बाहेर घेतलं होतं.

३ सप्टेंबर
कामावर गेले नाही. आईला सांगितलं, डोकं दुखतंय. तिने नुसता चहा आणून ठेवला.

५ सप्टेंबर
स्वतःशीच वकिली चालू आहे. बायपास टिकलाच असता असं नाही. किडन्या खराब होत्या. वय होतं. मॅडमना दिसायला हवं होतं. सर्जनने आणखी तपासायला हवं होतं. सगळं खरं आहे. पण सरांनी सही कुणाच्याच भरवशावर केली नाही, माझ्या एका शब्दावर केली. "गेले की, सर." ते म्हणायला किती वेळ लागला? फेरीला पंचवीस सेकंद लागले असते.

६ सप्टेंबर
मॅडमना सांगितलं. त्या पांढऱ्या पडल्या. मग फाईल काढून म्हणाल्या, "मी 'दिसत नाही' असं लिहिलंय. 'नाही' असं लिहिलेलं नाही." आणि लगेच, हळू आवाजात, "मी विचारायला हवं होतं तुला." साहेबांकडे दोघी गेलो. त्यांनी दार लावून घेतलं. "दुसरी फेरी उद्यापासून पुन्हा सुरू करा. बाकी तोंडी सांगितलंत तेवढं पुरे. लेखी काही नको." माझ्यासाठी पाणी मागवलं. ते इतके प्रेमाने कधी वागले नव्हते.

९ सप्टेंबर
सकाळी सरांकडे गेले.

जिन्यात खाली कठड्याशी काकू एकट्याच उभ्या होत्या. एक पायरी पायाने चाचपायच्या आणि थांबायच्या. "शिकतेय," म्हणाल्या. मी हात धरून त्यांना वर आणलं. हात धरायची लाज वाटली.

सर खिडकीशी बसले होते, मांडीवर दुमडलेली पॅन्ट. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. साठ फायली, भूलतज्ज्ञ, मांडीतलं फिकं, माझी थाप. मधे मधे त्यांना ऐकू येईना, म्हणून ओरडून पुन्हा सांगावं लागलं. "मी दुसरी फेरी मारली नव्हती," हे वाक्य मी तीनदा ओरडले. शेजारच्या घरात नळ चालू होता, तो कुणीतरी बंद केला.

सरांनी खिडकी लावून घेतली. मग म्हणाले, "मला आवाज एकदाच आला होता."

मी म्हटलं, काय?

"पोटऱ्यांच्या फेरीला मशीन करतं तो आवाज. एवढी वर्षं ऐकलाय, टेबलातून पाठीला लागतो तो. एकदाच आला. म्हणून तर विचारलं तुला. तू म्हणालीस, गेले. म्हटलं, यंत्र काढलेलं आहे, माझेच कान गेले असतील." मग म्हणाले, "स्वतःच्या कानापेक्षा तुझ्यावर विश्वास ठेवला मी."

मी त्यांच्या पायाशी, म्हणजे एका पायाशी, बसले. माफ करा म्हटलं. त्यांनी हात वर केला, पुरे म्हणून. "माफी घेऊन मी काय करू? जिना उतरू?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर सोसलं असतं. मग त्यांनी विचारलं, "आणखी किती?"

मोजून आले होते. फेरी बंद केल्यापासून एकशे चौदा. त्यातले 'पोटरीत दिसत नाही' असे सहा. दोघांचे पाय गेलेत, सरांना धरून. तिघं औषधांवर आहेत. एका सुताराची शस्त्रक्रिया बारा तारखेला आहे.

"बारा," सर म्हणाले. "आज नऊ. मग तू इथे काय करतेस?"

मी उठले. दारात होते तेव्हा मागून म्हणाले, "आणि साहेबाला लिहून दे. तोंडी नाही. सहीनिशी." काकू दारापर्यंत आल्या नाहीत.

१० सप्टेंबर
लिहून दिलं. दीड पान. साहेबांनी कागद हातात घ्यायला नकार दिला, म्हणून आवक कक्षात देऊन शिक्का मारून घेतला. दुपारपर्यंत माझं इन्चार्जपद गेलं आणि चौकशी लागली. चौकशी होईपर्यंत मशीनवर काम करू देणार आहेत, कारण माणसं कमी आहेत. सर्जन फोनवर पंधरा मिनिटं बोलले. ते सगळं इथे लिहीत नाही. मला ते पाठ आहे. सुताराची तपासणी मात्र उद्या करायला ते तयार झाले.

११ सप्टेंबर
सुताराला साडेआठला घेतलं. मोठे, चिरा पडलेले हात, नखांत सरस. "बाई, परत का?" त्याने विचारलं. म्हटलं, मागच्या वेळी मी थांबले नाही. "मग आज थांबा," म्हणाला. त्याला वाटलं मी काहीतरी साधं सांगतेय.

कोपऱ्यातल्या टेबलावरचा माझ्याशेजारी उभा होता. पहिल्या फेरीत उजवी पोटरी काळी. दुसरी फेरी लावली. मी स्वतःशी पंचवीस मोजले. चित्र आलं तेव्हा त्यात एक धमनी होती. पोटरीत असतात त्या तिघींतली एकच, बारीक, पण घोट्यापर्यंत सलग. मॅडम आल्या, सर्जन आले. उद्याचं पाय काढणं रद्द. पुढच्या आठवड्यात बायपास करून बघणार, टिकेल की नाही ते कुणी सांगत नाही. सुतार म्हणाला, "बघा, थांबलात तर!" मला त्याच्याकडे बघवेना.

जेवणाच्या सुट्टीत सरांच्या घरी फोन लावला. काकूंनी उचलला. मी म्हटलं, सरांना द्या. त्या जरा घुटमळल्या. "तुझा फोन म्हटलं की ते कानातलं काढून ठेवतात गं. आत्ताही काढलं. मला सांग, मी सांगते."

म्हटलं, सांगा, सुताराचा पाय सध्या वाचलाय.

काकू मोठ्याने ओरडल्या, "एक पाय वाचला म्हणतेय!" मागून सरांचा आवाज आला, तो ओरडून बोलल्यासारखा. "दुसऱ्या फेरीत सापडली का, विचार!"

"हो," मी म्हटलं.

"हो म्हणतेय!"

मग सर म्हणाले, "खरंच मारली का, विचार."

काकूंनी ते मला पुन्हा सांगितलं नाही. मला ऐकू आलंय हे त्यांना माहीत होतं. "हो, काकू. मारली," मी म्हटलं. त्यांनी ते ओरडून सरांना सांगितलं. मी उत्तराची वाट बघत होते, तोवर काकूंनी फोन ठेवला.